जमिनीखालचे तेल आणि मतपेटीतला कौल

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या लहानशा देशात 20 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या दिवशी मतदाराच्या हाती उमेदवारांच्या नावांबरोबर आणखी एक मतपत्रिका देण्यात आली. तिच्यावर कोणाचे नाव नव्हते, निशाणी नव्हती. एकच प्रश्न होता. 'ब्लॉक 43' या पट्ट्यातील खनिज तेल कायमचे जमिनीखालीच राहू द्यावे, हे तुम्हाला मान्य आहे काय? होय, की नाही?

निवडणुकीच्या अकराच दिवस आधी राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचा सभेतून बाहेर पडताना गोळ्या घालून खून झाला होता. देश भेदरलेला होता. तरी लोक रांगा लावून उभे राहिले. मोजणी झाली तेव्हा सुमारे 59 टक्के मते 'होय'च्या बाजूने पडली होती. याचा अर्थ तेल काढू नका. आपल्या सरकारला हाती आलेली कमाई सोडून द्या, असे एका गरीब देशाने मतपेटीतून सांगितले.

आमचे काही वाचक म्हणतील, आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही, पोराला नोकरी नाही, आणि तुम्ही कुठल्या सातासमुद्रापलीकडच्या रानाची गोष्ट सांगत बसलात! म्हणणे रास्त आहे. पण ही गोष्ट केवळ झाडांची नाही. ज्यांना 'रानटी' म्हणून हिणवले गेले अशा माणसांची ती गोष्ट आहे आणि मताच्या किमतीचीही आहे. या दोन्ही बाबतींत आपल्याला परक्याकडून शिकवणी घेण्याची गरज नाही. म्हणूनच ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

इक्वेडोर या नावाचा अर्थच विषुववृत्त. देशाच्या मधून अँडीज पर्वताची रांग जाते. रांग ओलांडून पूर्वेला उतरले की ॲमेझॉनचे खोरे लागते. तेथे नापो आणि कुरारे या नद्यांच्या मधल्या मुलखात यासुनी हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1979 साली ते जाहीर झाले. सुमारे दहा लाख हेक्टरांचे हे रान. शास्त्रज्ञांनी मोजदाद केली तेव्हा तेथील एकेका हेक्टरात, म्हणजे अवघ्या अडीच एकरांत, साडेसहाशेपर्यंत जातींची झाडे आढळली. बेडकांसारख्या उभयचरांच्या दीडशे जाती आणि पक्ष्यांच्या जवळपास सहाशे. शेवटच्या हिमयुगात पृथ्वीवर बराच भाग कोरडा पडला, तेव्हाही या भागात पाऊस टिकून राहिला आणि जीवजात तगली, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

याच रानाच्या पूर्वेकडील अंगाला जमिनीखाली तेल सापडले. इश्पिंगो, टाम्बोकोचा आणि टिपुटिनी अशी तेथील तीन तेलक्षेत्रांची नावे. या तिघांचा मिळून ब्लॉक 43. तेलाचा साठा सुमारे 84 कोटी 60 लाख पिंपे. एका पिंपात 159 लिटर. आकडा डोळे विस्फारणारा आहे खरा, पण सारे जग मिळून आज दिवसाला सुमारे दहा कोटी पिंपे तेल जाळते. म्हणजे यासुनीच्या पोटातले सगळे तेल उपसले तरी जगाची भूक भागणार साडेआठ दिवस. जगाच्या दृष्टीने हे साडेआठ दिवसांचे तेल. इक्वेडोरच्या सरकारच्या दृष्टीने मात्र ते वीस वर्षांच्या अंदाजपत्रकातला आधार. दोघांची मापे वेगळी, म्हणून दोघांचे वजन कधी जुळत नाही.

आता माणसांकडे वळू. या रानात वाओरानी नावाचे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांच्या भाषेत 'वाओरानी' म्हणजे माणसे. एवढाच अर्थ. पण शेजारच्या किचवा भाषेत आणि तेथून पुढे साऱ्या देशात त्यांना 'ऑका' म्हणत. ऑका म्हणजे रानटी, जंगली. स्वतःला माणूस म्हणवणाऱ्याला दुसऱ्याने 'रानटी' हे नाव द्यायचे आणि मग तेच नाव सरकारी कागदावर चढवायचे! ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावाने ठेवलेल्या नावांनीच हाक मारली गेली, त्या आमच्या वाचकांना याहून अधिक काय सांगायचे? पुढे तेल कंपनी आली. कोका या गावापासून दक्षिणेला वाओरानींच्या रानात तिने रस्ता काढला, तेलक्षेत्र उघडले. त्या रस्त्याला नाव दिले ऑका. तेलक्षेत्रालाही ऑकाच.

1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मिशनऱ्यांनी वाओरानींशी संबंध जोडले आणि पुढच्या काळात त्यांच्यातील पुष्कळांना एका राखीव मुलखात नेऊन वसवले. बाकीचे रान तेलाच्या शोधासाठी मोकळे झाले. सारेच काही गेले नाहीत. टागाएरी नावाचा एक गट 1960 च्या दशकात वेगळा निघून रानात खोल आत शिरला. तारोमेनाने हे असेच दुसरे लोक. हे दोन्ही गट आजही बाहेरच्या जगाशी संबंध ठेवत नाहीत. ते अज्ञानामुळे असे राहतात, हे म्हणणे खोटे आहे. बाहेरचे लोक आपल्याबरोबर काय आणतात ते पाहूनच त्यांनी पाठ फिरवली. साधी सर्दी, गोवर या रोगांनीही अशा माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या उठतात, कारण त्यांच्या शरीरांनी ते रोग कधी पाहिलेले नसतात.

1987 च्या जुलैत कॅथलिक बिशप आलेहान्द्रो लाबाका आणि सिस्टर इनेस अरांगो हे टागाएरींना भेटायला गेले. तेल कंपनीची माणसे पोहोचण्याआधी आपण जावे, रक्तपात टाळावा, हा त्यांचा हेतू. हेलिकॉप्टरने त्यांना उतरवले. दुसऱ्या दिवशी त्यांचे देह भाल्यांनी विंधलेले सापडले. आम्ही त्या हत्येचे समर्थन करीत नाही. दोघेही चांगल्या मनाची माणसे होती. पण ज्यांच्या दारावर आजवर जो आला तो काही ना काही हिसकावण्यासाठीच आला, त्यांनी चांगला पाहुणा आणि वाईट पाहुणा कसा ओळखावा?

तेलाने या भागात काय केले याचा दाखला यासुनीच्या उत्तरेला लागो आग्रिओच्या परिसरात मिळतो. 1967 साली तेथे टेक्साको या अमेरिकन कंपनीला तेल लागले. 1972 साली अँडीज ओलांडून समुद्रापर्यंत नळ टाकला गेला. विहिरीतून नुसते तेल कधी येत नाही. त्याच्याबरोबर खोल जमिनीतले खारे, विषारी पाणी येते. विहीर जुनी होत जाते तसे तेल कमी आणि पाणीच जास्त. हे पाणी पुन्हा जमिनीत खोल सोडायला हवे. त्याला खर्च येतो. टेक्साकोच्या कारभारात ते वर्षानुवर्षे ओढ्या-नद्यांत आणि उघड्या खड्ड्यांत सोडले गेले. त्याच ओढ्यांवर बायका पाणी भरत होत्या, पोरे पोहत होती.

1993 साली तेथील रहिवाशांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. दरम्यान टेक्साकोला शेव्हरॉन कंपनीने विकत घेतले. 2011 साली इक्वेडोरच्या न्यायालयाने नुकसानभरपाईचा निकाल दिला. पुढे ती रक्कम साडेनऊशे कोटी डॉलर ठरली. 2014 साली अमेरिकेच्या न्यायालयाने सांगितले, हा निकाल लबाडीने मिळवलेला आहे. 2018 साली हेगच्या लवादानेही कंपनीच्या बाजूने कौल दिला. कंपनीचे म्हणणे असे की आम्ही आमच्या वाट्याची सफाई केली, उरलेले सरकारी तेल कंपनीचे पाप. वकील भांडले, निकालावर निकाल आले आणि ओढ्याकाठच्या माणसाच्या हाती त्या रकमेतला छदामही पडला नाही.

येथे नऊ मुलींची हकीकत सांगायलाच हवी. विहिरीतून तेलाबरोबर जो वायू येतो तो साठवण्याऐवजी उंच नळीच्या तोंडाशी पेटवून देतात. अशी शेकडो धुराडी त्या भागात रात्रंदिवस जळतात. लागो आग्रिओच्या बाजूच्या नऊ शाळकरी मुलींनी सरकारवर दावा लावला: आम्हाला स्वच्छ हवेचा, आरोग्याचा हक्क आहे, ही आग विझवा. जानेवारी 2021 मध्ये त्या जिंकल्या. वस्तीजवळची धुराडी दीड वर्षात काढा, असा न्यायालयाचा हुकूम झाला. मुदत सरली तरी धुराडी जळत राहिली. पण आपल्या घरातल्या आठवी-नववीच्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगावी.

हे सारे समोर असताना 2007 साली राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी जगापुढे एक वेगळाच प्रस्ताव मांडला. ते म्हणाले, यासुनीचे हे तेल आम्ही काढत नाही. रान सगळ्या जगाच्या उपयोगाचे, तर त्याची किंमतही जगाने वाटून घ्यावी. तेलातून आम्हाला जे मिळाले असते त्याच्या निम्मे, म्हणजे 360 कोटी डॉलर, तेरा वर्षांत आम्हाला द्या. निम्मा तोटा आमचा, निम्मा तुमचा. आम्हाला हा प्रस्ताव फार सरळ वाटतो. यात भीक नव्हती, हिशेब होता. पण 2013 सालापर्यंत प्रत्यक्ष हाती आले ते सुमारे एक कोटी 30 लाख डॉलर. श्रीमंत देश दुसऱ्याच्या रानाबद्दल भाषणे भरपूर करतात. थैलीला हात घालायची वेळ आली की त्यांना खिसाच सापडत नाही. ऑगस्ट 2013 मध्ये कोरेआंनी योजना गुंडाळली. ऑक्टोबरमध्ये संसदेने तेल काढणे राष्ट्रहिताचे असल्याचे जाहीर केले आणि 2016 मध्ये पहिले तेल बाहेर आले.

योजना मोडली तशी तरुण मुले-मुली रस्त्यावर आली. 'यासुनिदोस' या नावाने त्यांनी सह्यांची मोहीम काढली. इक्वेडोरच्या घटनेप्रमाणे ठरावीक मतदारांनी सह्या दिल्या तर जनतेचा कौल घ्यावा लागतो. मुलांनी साडेसात लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. निवडणूक मंडळाने त्यातल्या निम्म्याहून अधिक बाद केल्या. कागदाचे माप चुकले, शाईचा रंग चुकला, ओळखपत्राची प्रत नीट नाही, असली कारणे. जातीच्या दाखल्यासाठी ज्याने तहसील कचेरीचा उंबरठा झिजवला आहे, त्याला 'कागदपत्रात त्रुटी' या शब्दांची ताकद ठाऊक आहे. मुले हटली नाहीत. कोर्टकचेऱ्या करीत राहिली. अखेर मे 2023 मध्ये घटना न्यायालयाने सांगितले की कौल घ्या, आणि लोकांनी 'होय' म्हटले तर एका वर्षात तेथून कामकाज हलवा. सही गोळा करताना जी कॉलेजात होती ती मुले निकाल लागेपर्यंत तिशीला आली.

सरकारी कंपनी पेत्रोइक्वेडोर आणि सरकार यांनी आपली बाजू जोरात मांडली. ब्लॉक 43 मधून तेव्हा दिवसाला 55 हजारांच्या आसपास पिंपे निघत होती. देशाच्या एकूण उत्पादनाचा हा सुमारे आठवा हिस्सा. वीस वर्षांत 1,380 कोटी डॉलर बुडतील, असा कंपनीचा अंदाज. शाळा कोण चालवणार, दवाखाने कोण चालवणार, हा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. बाबासाहेब निसर्गाच्या नावाने गहिवरून जुन्या गावगाड्याकडे परत चला असे सांगणारे नव्हते. गावाचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी घटना समितीतच चपराक दिली. व्हाइसरॉयच्या मंडळात 1942 ते 1946 ते मजूर मंत्री असताना वीज, धरणे, खाणी यांचे काम त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळातली. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची धारणा होती. तेव्हा 'तेल म्हणजे पाप' असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्या चुलीचा धूर गेला तो सिलिंडरमुळे. हा अंक तुमच्या हाती येतो तोही डिझेलच्या गाडीतून. पण त्याच बाबासाहेबांनी 1947 साली असेही मांडले की मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत, म्हणजे मूठभरांच्या नफ्यासाठी बाकीचे भरडले जाणार नाहीत. यासुनीची कंपनी सरकारीच होती. तरीही तिचे तेल ज्यांच्या दारातून गेले त्यांच्या ताटात काय पडले, हा प्रश्न राहतोच. तेल निघू लागल्यापासून पन्नास वर्षे उलटली, पण इक्वेडोरचे ॲमेझॉनकडील प्रांत आजही देशातल्या सर्वात गरीब प्रांतांत मोडतात.

आणि येथेच निकालातली सर्वात अवघड गोष्ट येते. साऱ्या देशाने 'होय' म्हटले. पण ज्या ओरेयाना प्रांतात यासुनीचे हे तेल आहे तेथल्या बहुसंख्य मतदारांनी 'नाही' म्हटले. शेजारच्या सुकुम्बिओसनेही तेच. ब्लॉक 43 च्या जवळच्या काही वाओरानी वस्त्यांनीसुद्धा तेल चालू ठेवा असे सांगितले, तर वाओरानींच्या इतर वस्त्या आणि त्यांचे पुढारी तेलाविरुद्ध गावोगाव फिरत होते. एकाच समाजात, कधी एकाच घरात दोन मते.

काही शहरी मंडळींनी यावरून ओरेयानाच्या लोकांना नावे ठेवली. हे आम्हाला पटत नाही. जेथे डॉक्टर येतो तो कंपनीचा, होडीचे इंधन मिळते ते कंपनीचे, पोराला महिना पगार मिळतो तो कंपनीचा, तेथे माणूस 'नाही'वर खूण करणारच. तो काही रानाचा शत्रू नाही. त्याच्यापुढे तिसरा रस्ता कोणी ठेवलाच नाही. राजधानी किटोत बसून 'होय' म्हणणाऱ्याची नोकरी दुसऱ्या दिवशी जाणार नव्हती. ओरेयानातल्या मजुराची जाणार होती. एक माणूस, एक मत हे झाले; पण दोन मतांमागचे पोट सारखे नव्हते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत ज्या विसंगतीचा इशारा दिला, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ती ओरेयानाच्या मतपेटीत उघडी पडली.

आम्ही तेथे असतो तर? आम्ही 'होय' म्हटले असते. जे लोक मतपत्रिकाच काय, बाहेरचा माणूसही पाहू इच्छित नाहीत, त्या टागाएरी-तारोमेनानेंचे मत त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवे होते. तेलाची विहीर आज नाही तर वीस वर्षांनी आटते. संपलेला मानवसमूह पुन्हा जन्मत नाही. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादी दिली आणि विनाकारण रान पेटवू नये असे बजावले. राज्य चालवणाऱ्या माणसाचे ते शब्द होते, वनात बसलेल्या ऋषीचे नव्हेत. पण 'होय' म्हणताना आम्ही सोबत आणखी एक मागणी लिहिली असती: आधी ओरेयानाला सरकारी दवाखाना आणि शाळा द्या, मग तेथली शेवटची विहीर बुजवा. मतपत्रिकेवर तशी जागा नव्हती.

मताचा हक्क त्या लोकांनाही सहज मिळालेला नाही. इक्वेडोरमध्ये निरक्षराला मत नव्हते. मूलनिवासी बहुतेक निरक्षर, म्हणून ते मतपेटीबाहेर. ही अट गेली ती 1979 साली नवी घटना लागू झाली तेव्हा, म्हणजे यासुनी उद्यान जाहीर झाले त्याच वर्षी. आपल्याकडे 1928 साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हाही अडाण्यांना मत कशाला, असे विचारणारे होतेच. मत हाती येताच त्या लोकांनी न्यायालयाचाही रस्ता धरला. 2019 साली नेमोन्ते नेन्किमो या वाओरानी तरुण बाईच्या पुढाकाराने पास्तासा प्रांतातल्या वाओरानींनी खटला जिंकला आणि त्यांचे सुमारे पाच लाख एकर रान तेलाच्या लिलावातून सुटले. सरकारने आमची संमती घेतल्याचे जे दाखवले ते खोटे आहे, हे न्यायालयाला पटले. पुढच्या वर्षी नेन्किमो यांना पर्यावरणाचा जागतिक गोल्डमन पुरस्कार मिळाला.

कौल लागला, पुढे काय झाले? वर्षाची मुदत ऑगस्ट 2024 मध्ये संपली. तोवर बंद झाली ती इश्पिंगोमधली एक विहीर. ब्लॉक 43 मध्ये विहिरी दोनशेहून अधिक. बाकीच्या बंद करायला 2029 साल उजाडेल, असे राष्ट्राध्यक्ष डॅनियल नोबोआ यांच्या सरकारने सांगितले. मार्च 2025 मध्ये आंतरअमेरिकन मानवी हक्क न्यायालयाचा निकाल जाहीर झाला: टागाएरी आणि तारोमेनाने यांचे हक्क इक्वेडोर सरकारने पायदळी तुडवले, जनतेच्या कौलाची अंमलबजावणी करा. जुलै 2025 मध्ये सरकारने पर्यावरण खातेच ऊर्जा व खाण खात्यात विलीन केले. राखणदाराला ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाताखाली दिले.

वाओरानी पुढारी अजून राजधानीच्या फेऱ्या मारताहेत. आम्ही मत दिले, त्याचे काय केलेत, असे विचारताहेत. राजधानीला निघण्यासाठी आधी कोका गाव गाठावे लागते. दक्षिणेकडच्या वस्त्यांमधून कोकाला येणारा रस्ता तोच, कंपनीने 1970 च्या दशकात काढलेला. त्याचे नाव अजूनही ऑकाच आहे.